ताईची थुंकी आणि माझं घर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, धंदा सोफे आणि खुर्च्यांना नव्याने गाद्या बसवण्याचा, सगळ्या गल्लीत 'गादीवाली' म्हणून ओळखली जाणारी, आज माझ्या दुकानामागच्या खोलीत बसून, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. यापूर्वी मी असा कोणताही कागद केलेला नाही. केला असल्याचे कोणी सांगत आला तर तो खोटा समजावा, आणि सांगणारा माझा चुलतभाऊ असेल तर त्याला चहा देऊन वाटेला लावावे.

माझ्या शुद्धीची खात्री डॉक्टरांनी करून घेतली आहे. त्यांनी मला वार विचारला, मी सोमवार सांगितला. मग शंभरातून सात वजा करायला सांगितले. मी म्हटलं, ते करते, पण आधी तुमच्या दवाखान्यातल्या बाकाची गादी कोणी शिवली ते सांगा, कारण ज्याने शिवली त्याची शुद्धी तपासायला हवी. डॉक्टरांनी दाखला लिहून दिला, तो सोबत जोडला आहे. 'धाकाने नव्हे' हे शब्द वकीलबाईंचे. खरं सांगायचं तर मला जन्मापासून एकाच माणसाचा धाक आहे, तो म्हणजे माझी ताई. पण तिने या कामात तो वापरलेला नाही. उलट 'माझ्यासाठी काही लिहू नकोस' म्हणून ती दोन दिवस अबोला धरून बसली होती.

हा कागद करण्याचं कारण सुरुवातीलाच सांगते, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला लागायला नको. हे घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. खाली दुकान आणि माझी खोली, वर ताई, आणि वरच्याच मजल्यावर मागच्या बाजूला भाडेकरू. मी बिनलग्नाची, ताई बिनलग्नाची, आईबाबा कधीच गेले. मी काही न लिहिता डोळे मिटले तर घर कोणाकडे जाईल, असं मी वकीलबाईंना विचारलं. त्यांनी मला दोन-चार प्रश्न विचारले, माझी उत्तरं ऐकून चष्मा काढला आणि म्हणाल्या, "तुमच्या चुलतभावाकडे."

"आणि ताई?"

"ताई तुमच्या कोण लागतात, हे कायद्याला दाखवता येणार नाही."

ब्याऐंशी वर्षांच्या बाईला या वयात बिऱ्हाड हलवायला लागू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. नातं का दाखवता येणार नाही, ते कलम चारपासून पुढे येईल. आधी किरकोळ गोष्टी उरकते.

कलम एक. माझा शेवटचा निरोप थोडक्यात उरकावा. त्या दिवशी दुकान बंद ठेवावे, दुसऱ्या दिवशी उघडावे. भाषणे नकोत. ताईने बोलायचा हट्ट धरलाच तर तिला बसूनच बोलू द्यावे. उभी राहिली की ती समोरच्यांना विद्यार्थिनी समजते आणि मग कुणाची सुटका नाही. ती मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. निवृत्त होऊन चोवीस वर्षं झाली, तरी जिन्यात पावलं वाजली की आतून आवाज येतो, "कोण पळतंय?" आमच्या जिन्यावरून पळू शकेल असं या घरात आता कुणी उरलेलं नाही, तरी विचारते.

कलम दोन. माझी सर्व हत्यारे, म्हणजे लहानमोठी दाभणे, लाकडी मुठीची हातोडी, पट्टे ताणायचा चिमटा, कापडाची मोठी कात्री आणि शिवणयंत्र, ही माझ्या दुकानातल्या कारागीर बाईला द्यावीत. ती तोंडात बारीक खिळे धरून काम करते, त्यामुळे दिवसभर गप्प असते, म्हणून तिचं नाव 'मौनी' पडलं. संध्याकाळी खिळे काढले की दिवसभराचं साठलेलं सगळं बोलते. कात्री फक्त कापडासाठी आहे. त्या कात्रीने कुणी कागद कापला तर मी असेन तिथून उठून येईन. मौनीला हवं तोवर तिने खाली दुकान चालवावं. तिचं आणि ताईचं ते ठरलेलं आहे, मी त्यात तोंड घालत नाही.

कलम तीन. शेजारचे चष्मेवाले. आमचं पाण्याच्या पाइपावरून भांडण आहे आणि ते मी माफ करते, कारण पाइप गेल्या वर्षी आपोआप फुटला आणि त्यांच्याच बाजूला फुटला. मात्र त्यांच्या गिऱ्हाइकांसाठी मी बनवलेला बाक त्यांनी वाकडा म्हणून परत पाठवला होता, ते माफ केलेलं नाही. बाक वाकडा नव्हता, त्यांची फरशी वाकडी आहे. सदर बाक त्यांना पुन्हा द्यावा. सोबत फरशी सपाट आहे की नाही ते बघायची पाणसळ द्यावी.

कलम चार. माझा चुलतभाऊ, वय अडुसष्ट, विमा कंपनीतून निवृत्त. निवृत्त झाल्यावर लोक बाग करतात, पत्ते कुटतात, नाहीतर बायकोच्या कामात नाक खुपसतात. याने तिन्ही करून पाहिलं, कुठेच टिकला नाही, आणि मग आमच्या घराण्याचा वंशवृक्ष काढायला बसला. त्याच्या बैठकीची एक अख्खी भिंत त्या झाडाने खाल्ली आहे. ज्यांच्याबद्दल खात्री आहे त्यांच्या चौकटी शाईच्या, ज्यांच्याबद्दल नाही त्यांच्या पेन्सिलीच्या. आम्ही त्याला 'वंशावळ' म्हणतो. तोंडावरही म्हणतो. त्याला ते आवडतं.

आमचे खापरपणजोबा जहाजावर कप्तान होते, असं त्याचं म्हणणं आहे. जहाजावर होते हे मीही ऐकलंय. तिथे काय करत होते ते मात्र घरात कधी कुणी सांगितलं नाही. तर हा कप्तान शोधून काढण्यासाठी वंशावळीने सगळ्या नातेवाइकांची डीएनए तपासणी करायचं ठरवलं. डबे मागवले. प्रत्येक डब्यात एक काचेसारखी प्लास्टिकची नळी. तीत थुंकायचं, रेघेपर्यंत, फेस धरायचा नाही, आणि त्याआधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. मग ती नळी बंद करून लॅबला पाठवायची, की तुमचं कोण कुठलं ते महिना-दीड महिन्यात कळतं.

मी लगेच दिली. मला काय, तोंडात खिळे धरून जन्म गेला, थुंकी कधी कमी पडली नाही. वंशावळीने स्वतःची दिली, त्याच्या मुलांची घेतली, एका आजारी मावशीची तिला झोपेतून उठवून घेतली. कप्तान काही निघाला नाही. आमच्या रक्तात कुठकुठल्या मुलखांचे तुकडे निघाले. त्यातले समुद्रकाठचे तेवढे वंशावळीने ठेवून घेतले आणि बाकीचे 'यंत्राची चूक' म्हणून बाजूला सारले.

वंशावळीला मी आजोबांची आरामखुर्ची देते. अट एकच, तीत कप्तान बसत असे म्हणून पाहुण्यांना सांगायचं नाही. ती खुर्ची मी दोनदा उघडून बांधली आहे. तिच्या पोटात काथ्या, एक मोडका कंगवा आणि कुणाचा तरी दुधाचा दात सापडला, समुद्राचं काही सापडलं नाही. याखेरीज माझ्या मालमत्तेत वंशावळीचा कसलाही हक्क नाही. तो माणूस वाईट नाही. त्याच्या मनात पाप असतं तर मला हा कागद करायला इतके दिवस लागलेच नसते.

कलम पाच. ताई आणि पहिली नळी.

इथे ताईबद्दल थोडं सांगायला हवं. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, वीतभर उंच, आणि माझ्यावर हुकूम चालवण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. लहानपणी ती मला रोज एक गोष्ट सांगायची. गोष्ट अशी की मी या घरची नाहीच, मला भंगारवाल्याकडून घेतलंय. "आईने एक मोडकी इस्त्री दिली, त्याने तुला दिलं. इस्त्री बरी होती." भंगारवाल्याची गाडी गल्लीत शिरली की मी खाटेखाली जाऊन बसायची. आई मला ओढून बाहेर काढायची आणि ताईला रागवायची, पण दुसऱ्या दिवशी इस्त्री परत ठरलेली. मोठेपणीसुद्धा मी काही चुकले की ती म्हणायची, "रक्तच भंगारवाल्याचं, तू तरी काय करणार?"

तर वंशावळ नळी घेऊन तिच्याकडे गेला.

"ताई, एवढंसं थुंकायचंय."

"कुठे?"

"या नळीत."

"माझ्या शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात काय लिहिलेलं असायचं, ठाऊक आहे?"

"मी मुलींच्या शाळेत नव्हतो, ताई."

"येथे थुंकू नये."

"अगं, ती भिंत होती. ही नळी आहे, थुंकायसाठीच केलीय."

"कुठे थुंकलेलं चालतं, याचा विचार माणूस एकदा करायला लागला की मग तो थांबत नाही," ताई म्हणाली. पण वंशावळ चिकट. विमा विकणारा माणूस, नाही हा शब्द त्याला ऐकूच येत नाही. शेवटी ती म्हणाली, "ठेव तिथे. मी माझी माझी भरीन. दाराशी कुणी उभं राहायचं नाही." दुसऱ्या दिवशी तिने रेघेपर्यंत भरलेली नळी पुडीत बांधून दिली. आम्ही चाट पडलो.

महिन्याने वंशावळ दुकानात धापा टाकत आला. हातात रिपोर्ट.

"धाकटी ताई, मोठी ताई पुरुष आहे."

"हळू बोल. ती वर आहे."

"मस्करी नाही. लॅबने लिहून दिलंय. पुरुष, आणि आपल्यापैकी कुणाशी काडीचं नातं नाही."

मी म्हटलं, मी या बाईबरोबर एका खोलीत वाढले, तुझ्या लॅबला काय माहीत. एवढ्यात त्याचा फोन वाजला. सगळ्यांची खाती तोच सांभाळत होता, त्यात ताईच्या खात्यावर दूरदेशीच्या कुठल्याशा बाईचा निरोप आला होता. 'प्रिय काका, लॅबच्या म्हणण्याप्रमाणे तुम्ही माझ्या वडिलांचे भाऊ दिसता. आमचे एक काका तरुणपणी ट्रम्पेट घेऊन घरातून निघून गेले, ते तुम्हीच का?'

आम्ही दोघांनी एकदमच वर पाहिलं. वरच्या मजल्यावर, मागच्या खोलीत, आमचे भाडेकरू ट्रम्पेटवर सूर धरत होते. ते एका मोठ्या हॉटेलात वाजवतात. गल्ली त्यांना 'पिपाणी' म्हणते.

पिपाणींनी आढेवेढे घेतले नाहीत. "मोठ्या बाई नळी घेऊन आल्या. म्हणाल्या, थुंका. मी थुंकलो. मला वाटलं, घरात कुणाला खोकला झालाय म्हणून सगळ्यांची तपासणी चाललीय. आणि बाईंना कारण कोण विचारणार?" त्यांनाही त्यांची पुतणी मिळाली. दर रविवारी ती त्यांच्याशी फोनवर बोलते आणि ते तिला ट्रम्पेट ऐकवतात, हे या सगळ्या प्रकरणातलं एकमेव सरळ झालेलं काम.

आम्ही पोट धरून हसलो. ताईला थुंकायची किळस, म्हणून तिने हा उद्योग केला, असंच सगळ्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं.

कलम सहा. दुसरी नळी.

वंशावळीने नवा डबा मागवला आणि ताईच्या टेबलावर ठेवला. "मोठी ताई, झाडात तुझी चौकट अजून पेन्सिलीची आहे, ती मला शाईची करायचीय. आणि हे बघ, उद्या या घराचे कागद करायची वेळ आली तर रक्ताचं नातं सिद्ध असलेलं बरं. मागाहून कटकट नको." त्याने हे अगदी सहज म्हटलं. ताई काही बोलली नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. ती कधी गप्प बसत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खाली दुकानात आली. ती दुकानात येत नाही, काथ्याच्या धुळीने तिला शिंका येतात. मौनी जेवायला गेली होती. मी एका सोफ्याच्या स्प्रिंगा सुतळीने बांधत होते. ताई त्याच सोफ्यावर बसायला लागली.

"तिथे नको, स्प्रिंगा उघड्या आहेत."

ती उभीच राहिली. "धाकटे, ती नळी मला भरता येणार नाही."

"का, पिपाणीचं तोंड सुकलं?"

ती हसली नाही. "माझी थुंकी तुमच्याशी जुळणार नाही," ती म्हणाली.

मी हातातली सुतळी सोडली. बांधलेली स्प्रिंग सुटून वर आली, तिकडे दोघींनी पाहिलं आणि मग तिने सांगायला सुरुवात केली. शाळेत सांगायची तसंच, सरळ उभं राहून.

"मी चार वर्षांची होते. एक नर्सबाई मला हाताला धरून घेऊन आली. आईने दार उघडलं. मला म्हणाली, 'दमली असशील, बस,' आणि पुढे स्टूल सरकवलं. त्याआधी मला कुणी 'बस' म्हटलेलं आठवत नाही. कागद वगैरे काही झाला नाही, त्या काळी कोण करत होतं. दोन वर्षांनी तू झालीस. बाबांनी शेजाऱ्यांना सांगितलं, 'आम्हाला मुलगी झाली.' मी दाराआड उभी होते. मला वाटलं, आता यांना स्वतःची मिळाली, मला परत नेऊन देतील."

"मग?"

"मग काय. तुला समजायला लागायच्या आधीपासून मी तुला सांगायला लागले, तू भंगारवाल्याची. जी आधी सांगेल ती घरची, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं. आईने मला रागवलं की मला बरं वाटायचं. परक्याच्या मुलीला कुणी इतकं रागवत नाही."

"आईबाबांनी कधी काही..."

"कधीच नाही. एका शब्दाने नाही. पण मी वाट बघत होते."

"कधीपर्यंत?"

"अजून बघतेय," ताई म्हणाली. "घर तुझं आहे, धाकटे. तो वंशावळ म्हणतो, रक्ताचं नातं सिद्ध झालेलं बरं. ते होणार नाही. मी कुठे जायचं, ते आत्ताच सांगून ठेव, म्हणजे मला सामान बांधायला वेळ मिळेल."

मला राग आला, आणि कसला ते इथे लिहून ठेवते. या बाईने सत्तर वर्षं माझ्या डोक्यावर मिरे वाटले. माझे केस ओढले, माझी वेणी घातली, माझी प्रगतिपुस्तकं वाचून मला दारात उभं केलं, माझ्या पहिल्या गिऱ्हाइकाशी माझ्यासाठी भांडली. आणि हे सगळं करताना मनातून ही पिशवी भरून दारात बसलेली. मला ते कळलं नाही, याचा मला राग आला. मी रडले. तिने मला रुमाल दिला आणि म्हणाली, "नाक नीट पूस, शाळेच्या मुलीसारखं बाहीला नको."

"परत कुणाकडे पाठवू तुला?" मी म्हटलं. "ज्यांनी आणलं ते गेले. ती नर्सबाई असलीच तर सव्वाशे वर्षांची असेल, तिला तू झेपशील का?"

तेव्हा कुठे ती हसली. मग शिंका सुरू झाल्या.

"वर जा आणि ती नळी घेऊन ये," मी म्हटलं.

"मी थुंकणार नाही."

"तुला कोण सांगतंय?"

नळी मी भरली. तिच्या नावाची नळी, माझी थुंकी. माझा हिशेब साधा होता. वंशावळीला घरची थुंकी हवी, घरात घरची थुंकी एकाच तोंडात, ती दोघींत वाटून घेतली की झालं. लॅबकडे माझी नळी आधीच जाऊन आलेली आहे, हे ना माझ्या डोक्यात आलं, ना जन्मभर मुलींना परीक्षेत कॉपी करताना पकडणाऱ्या ताईच्या.

महिन्याने वंशावळ आला तो पाय न वाजवता. खुर्ची ओढून बसला. बराच वेळ आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला.

"तुम्ही जुळ्या आहात," तो म्हणाला. "सारख्या जुळ्या. लॅब म्हणते, कणभर फरक नाही."

"मी सहा वर्षांनी मोठी आहे," ताई म्हणाली.

"तेच तर. मी लॅबला दोनदा विचारलं. ते म्हणतात, यात चूक होत नाही. मग मी विचार केला." त्याने आवाज खाली आणला. "ताई, शाळेत लवकर मुख्याध्यापिका व्हायला मिळावं म्हणून तू वय वाढवून सांगितलं होतंस का?"

ताईला या आयुष्यात पुष्कळांनी पुष्कळ काही म्हटलं असेल, पण वय वाढवल्याचा आरोप तिच्यावर पहिल्यांदाच झाला. ती लालबुंद झाली. "बाई वय चोरते तेव्हा कमी करते, गाढवा," ती म्हणाली. वंशावळीला ते पटलं नाही. लॅबवर त्याचा विश्वास, डोळ्यांवर नाही. त्याने आम्हा दोघींना खिडकीशी उभं केलं आणि म्हणाला, "आता बघितलं तर हनुवटी अगदी सेम आहे. इतकी वर्षं लक्षातच आलं नाही." उंचीचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाला, "तू वाकून काम करतेस ना, खुंटलीस." घरी जाऊन त्याने झाडात आमच्या दोन चौकटी एकीला एक चिकटवून शाईने काढल्या.

कलम सात. घर.

वरील हकीकत वकीलबाईंना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "जुळ्यांचा हा रिपोर्ट कोर्टात टिकणार नाही. तुम्हीही टिकणार नाही, आणि मी तर मुळीच नाही. खरं काय ते लिहा, आणि घर सरळ त्यांना द्या. नात्यावर द्यायचं नाही, माणसाला द्यायचं." ताईला विचारल्याशिवाय मी हे लिहिणार नव्हते. ती म्हणाली, "लिही. मला आता लपवायचा कंटाळा आलाय. फक्त शब्द जरा बरे वापर."

सबब, हे घर, ज्याच्या पूर्वेस चष्म्याचे दुकान, पश्चिमेस गल्ली, उत्तरेस बंद पडलेला छापखाना व दक्षिणेस रस्ता आहे, तळमजला, वरचा मजला, जिना, गच्ची आणि फुटका पाइप यांसह, मी माझ्या पश्चात संपूर्ण मालकीने ताईला देत आहे. तसेच बँकेतली शिल्लक आणि घरातले सामान. ताई रक्ताने माझी कोणी लागत नाही हे मला पक्के ठाऊक आहे, ते ठाऊक असूनच मी हे देत आहे, त्यामुळे रक्ताच्या कारणावरून कोणीही हरकत घेऊ नये. घेतल्यास त्याने आधी कलम सहा पुन्हा वाचावे.

व्यक्तीची ओळख पटेल असे वर्णन द्यावे लागते म्हणून देते. ताई म्हणजे तीच, जिने मला सायकल शिकवली आणि मी पडले तेव्हा आधी सायकल उचलली. मी शाळा सोडून गाद्या शिवायला बसते म्हटलं तेव्हा जी माझ्या बाजूने बाबांशी भांडली, जिंकली, आणि मग आत येऊन मला दोन थोबाडीत दिल्या. आई अंथरुणाला खिळली तेव्हा जी रोज शाळा करून येऊन तिचं सगळं करायची आणि मला म्हणायची, तू दुकान बघ, तुला हे जमत नाही. जिच्या खोलीतल्या प्रत्येक खुर्चीला मी स्वतः गादी घातली आहे आणि जी तरीही एका जुन्या लाकडी स्टुलावर बसते. ते स्टूल कोणते, हे मला या वर्षी कळलं. अशी बाई या गल्लीत दुसरी नाही. शंका वाटल्यास वरच्या मजल्यावर जाऊन जिन्यात पळून पाहावे.

वंशावळीने भिंतीवरच्या झाडाला हात लावू नये. खरं काय ते हा कागद वाचून त्याला आता कळलंच असेल, पण आमच्या चौकटी जशा आहेत तशाच राहतील. शाईने काढल्या आहेत, तेव्हा त्याच्याच नियमाप्रमाणे खात्री झालेली आहे.

कलम आठ. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. त्यांचा सोफा तयार आहे, घेऊन जावा.

कलम नऊ. वकीलबाई म्हणतात, ताई माझ्याहून मोठी आहे, तेव्हा ती माझ्याआधी गेली तर घर कोणाला, हे लिहिल्याशिवाय कागद पुरा होत नाही. मी ही जागा कोरी ठेवू म्हटलं, त्या नाही म्हणाल्या. कुणाचं तरी नाव घाला, मौनीचं घाला, पिपाणींचं घाला, दुसरा साक्षीदार बघू म्हणाल्या. मी चार दिवस विचार केला. नाव सुचलं नाही. ताई नसलेल्या या घराचं मी काय करायचं, हेच मला कळत नाही, तर दुसऱ्या कुणाला काय सांगू? तरी लिहायलाच हवं म्हणून लिहिते. ताई माझ्याआधी गेली तर, कलम चारमध्ये काहीही म्हटलं असलं तरी, घर वंशावळीला द्या. मला त्याचं काही नाही.

हे मृत्युपत्र मी मौनीकडून मोठ्याने वाचून घेतले, जे मनात होते तेच उतरले आहे याची खात्री केली आणि साक्षीदारांच्या समोर खाली सही केली.

सही: गादीवाली

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही:

१. पिपाणी, भाडेकरू, वरचा मजला. (त्यांना लाल गादीची खुर्ची हवी होती. साक्षीदाराला काही देता येत नाही हे समजावून सांगितले. त्याच खुर्चीत बसून सही केली.)

२. डॉक्टर, दवाखाना कोपऱ्यावर.

ठिकाण: दुकानामागची खोली.
दिनांक: मार्चचा दुसरा सोमवार, दुकानाची सुट्टी.